पाहुणे किती येतात?

हर्षलचा फ्लॅट आडगावच्याही पुढे, सातव्या मजल्यावर. तो आणि त्याची बायको दिवसभर कामावर, आणि त्याची आई नवसाबाई खिडकीतून हायवे बघत बसलेली. खालून वॉचमनने फोन केल्याशिवाय कुणी वर यायचं नाही, असा तिथला नियम. नवसाबाईसाठी तो फोन कधी वाजला नाही. एवढ्या लांब येणार कोण?

तिचं आयुष्य गणेशवाडीच्या फूलबाजारात हार गुंफण्यात गेलं होतं. आता तिथं पोचायला दोन रिक्षा बदलाव्या लागत, आणि हारांची कमाई रिक्षातच जाई. म्हणून तिने पंचवटीत भाड्याची खोली बघायची ठरवली. बाजार, भाजी, दवाखाना, गंगेचा काठ, सगळं चालत गाठता येईल अशी. आणि जाता-येता कुणीही सहज डोकावेल अशी. हे दुसरं तिने मुलाला सांगितलं नाही.

पहिली खोली तिच्या बहिणीच्या मुलीने, भाग्यश्रीने शोधली. भाडं झेपणारं होतं. मालकीण मनीषाताईंनी विचारलं, "पाहुणे किती येतात तुमच्याकडे?"

स्थळ बघायला आलेली माणसं घराण्याची चौकशी करतात, तसंच हे असेल असं नवसाबाईला वाटलं. तिने पदर सारखा केला.

"लय येतात. आमच्या घरात चुलीवरचा चहा कधी उतरला नाय. सिंहस्थात तर दिंडोरीकडचं सारं माहेर उतरंल इथं."

मनीषाताई हसल्या. "कळवते," म्हणाल्या. त्यांनी कळवलं नाही.

"मावशी, असं सांगतात का?" भाग्यश्रीने डोक्याला हात लावला. "त्यांना पाणी येतं तासभर. तू सगळा तालुका आंघोळीला बसवलास."

"मग काय सांगू, माझं कुणी नाय म्हणून?"

"तेच सांग."

पुढची खोली गल्लीच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर. रस्त्यावर उघडणारी खिडकी होती. तिथल्या मालकीण सुवर्णाकाकूंनी तोच प्रश्न विचारला.

"कुणी येत नाय," नवसाबाई म्हणाली. खोटं बोलताना आपण अडखळू, अशी तिला भीती होती. ती अडखळली नाही. सातव्या मजल्यावरचं वर्ष तिच्या तोंडून आपसूक बोलून गेलं.

खोली मिळाली.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी खालून हाक आली. फूलबाजारात शेजारी बसणारी लंकाबाई होती.

"नवसे, चहा टाक. वर येते."

सुवर्णाकाकू दारातच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"थांब तिथंच," नवसाबाईने खिडकीतून सांगितलं. "जिना लय उभा हे. तुझे गुडघे."

"माझ्या गुडघ्यांना काय झालंय?"

नवसाबाई दोन कप घेऊन खाली उतरली. समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर दोघी बसल्या. भाजीवाल्याने विचारलं, "मावशी, इकडंच राहाता का आता?" हार नेणारी एक बाई ओळखीचं हसून गेली. नवसाबाईने प्रत्येकाला मान डोलावली.

लंकाबाई फुंकर घालत चहा प्यायली आणि वर खिडकीकडे बघत राहिली.

"आतनं कशी हे गं खोली?"

"चांगली हे," नवसाबाई म्हणाली. "दाराशी मोरी. खिडकीखाली एक चटई टाकलीये मी. दोघी जणी बसतील एवढी."