पहिला तणमोर मीच पाहिला

राजेहो, चहा घ्या, पण घोट तोंडात असताना हसू नका. ठसका लागंन. आज मी तुम्हाले माझी अशी एक फजिती सांगणार आहे की आमच्या बार्शीटाकळी तालुक्यात तिच्या तोडीची अजून झाली नाही. अन् मजा अशी, की त्या फजितीनंच आमचं गवत वाचलं. म्हणून मी ती मान वर करून सांगतो. बायको म्हणते, वरच ठेवा, खाली पाह्यलं तं लाज वाटंन.

आमच्या गावाले लागून ई-क्लास आहे, म्हणजे सरकारी गायरान. पावसाळ्यात कमरेइतकं गवत. माझ्या चार गाई तिथंच चरतात. मागच्या साली सरपंचानं विषय काढला, का ही जागा पडीक आहे, इथं गोदाम होऊ द्या. ग्रामसभा आठ-दहा दिवसांवर आली. गाई काय गोदामाचं शटर चाटतीन?

त्यातच अमरावतीहून केतकी मॅडम आल्या. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या. तीन पावसाळे त्या तणमोर शोधून राहिल्या होत्या. तणमोर म्हणजे कोंबडीएवढा पक्षी. पावसाळ्यात नर काळाभोर होतो, मानेजवळ पांढरा, अन् मादीले दिसावं म्हणून गवतातून वर उड्या मारत राहतो. जगातून तो संपत चालला म्हणे, कारण त्याले गवत पाहिजे अन् गवत कोणी ठेवत नाही.

मॅडम म्हणाल्या, "वाघ पाहायला लोक सेमाडोहला जातात, दादारावभाऊ. गवत पाहायला कोण येणार? पण इथे एक जरी तणमोर दिसला ना, तर मी ग्रामसभेत उभी राहून बोलू शकते."

आता अशा वेळी माणसानं गप बसावं का नाही? पण आपली जीभ!

"मॅडम, या रानात मी लहानाचा मोठा झालो," म्या म्हटलं. "तणमोर असंन तं मीच दाखवीन. लिहून घ्या."

मॅडमनं लिहून नाही घेतलं, पण त्यांच्याजवळची जास्तीची दुर्बीण मले देऊन गेल्या. झालं. ती दुर्बीण गळ्यात पडली अन् मी कास्तकार राहिलोच नाही. सकाळ झाली का टेकडीवर. डवरणी नाही, निंदण नाही, वावराकडं ढुंकून पाहणं नाही. सगळं शोभेच्या, म्हणजे आमच्या घरच्या लक्ष्मीच्या डोक्यावर. जेवायले बसलो तरी दुर्बीण गळ्यात.

"जेवतानी तं काढा," शोभा म्हणे. "वरणातली दाय काय त्याच्यानं जास्त दिसते?"

"हा जगाचा प्रश्न आहे," मी म्हणे.

"अन् वावरातल्या रोह्यायचा कोनाचा हाये? अर्धं सोयाबीन खाल्लं त्यायनं."

मी ऐकलं नाही. जगाच्या प्रश्नापुढं रोही, म्हणजे नीलगाई, काय चीज हो?

सहाव्या दिवशी सकाळी ढग भरून आले होते, वारा सुटला होता. टेकडीवरून दुर्बीण फिरवता फिरवता माझा हात थांबला. ई-क्लासच्या पार पलीकडच्या टोकाले, आमच्याच वावराच्या धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, गवताच्या वर काहीतरी काळं उसळलं. खाली गेलं. पुन्हा उसळलं. गळ्याशी पांढरं! मी उड्या मोजल्या. सतरा. अठराव्या उडीले माझ्या डोळ्यात पाणी आलं, काहीच दिसेना.

मॅडमले फोन लावला. त्या म्हणाल्या, "मी उद्या सकाळीच पोचते. तोवर कोणाला सांगू नका हं. अजिबात नाही."

"मॅडम, माझ्या पोटात राहते," म्या म्हटलं.

राहिलं ना. चहाच्या टपरीपर्यंत राहिलं. मग गावच्या ग्रुपवर मीच टाकलं: 'अखेर तणमोर सापडला. शोधकर्ते: दादाराव.' खाली दुर्बिणीसकट माझा फोटो.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर जत्रा. सरपंच, तहसीलदार साहेब, फॉरेस्टचे साहेब, अकोल्याचा एक पत्रकार अन् अर्धं गाव. मॅडमनं माझ्याकडं असं पाहिलं का मी नजर चुकवून दुर्बीण पुसत बसलो. त्या मोठी दुर्बीण तीन पायांच्या तिकाटण्यावर लावत होत्या तेवढ्यात सरपंचानं शाल-श्रीफळ काढलं. पक्षी कोणी पाहिला नव्हता, पण सत्कार होऊन गेला. मी दोन शब्द बोललो. दोन म्हणजे वीस मिनिटं.

वारा आला. धुऱ्यावर काळं उसळलं. गर्दीतून आवाज निघाला, "हे पाह्य, हे पाह्य!" माझी छाती शालीत मावेना.

मॅडमनं दुर्बिणीले डोळा लावला. पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग माझ्या कानाजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "दादारावभाऊ, तणमोराला खिसा असतो का?"

मी डोळा लावला. खिसा होता. तीन बटनंही होती. राजेहो, तो माझा लग्नातला कोट होता. आतून पांढरा सदरा.

"मीच टांगला," मागून शोभेचा आवाज आला. "लवच्या बांबूवर. वारा आला का उडी मारते, रोही पयते. आठ दिवस तुमी वावरात आले असते तं तुमालेही दिसला असता."

काय हसले लोक! एका म्हाताऱ्यानं तं खालीच बसकण मारली. तहसीलदार साहेब गाडीकडं निघाले. सरपंच म्हणाला, "चला, मंग ग्रामसभेत ठराव करून टाकू." मॅडम हसल्या नाहीत. त्या दुर्बिणीचं झाकण लावत होत्या अन् त्यांचा चेहरा पाहून मले इतकं वाईट वाटलं का सांगता सोय नाही. माझी इज्जत गेली ते गेली, त्यांचे तीन पावसाळे गेले होते. अन् माझ्या गाई?

डोकं फिरलं माझं. म्हटलं, हा कोट आज फाडूनच टाकतो. टेकडी उतरलो. पण सगळं गाव पाहून राहिलं होतं, म्हणून लाजेनं वाकून, तुरीच्या ओळीआडून, चोरासारखा निघालो. अंगावर शाल तशीच. धुऱ्याशी पोचलो, बांबूले हात घालणार, तेवढ्यात गवतातून आवाज आला, टर्रर्र.

दहा हातांवर काळं काहीतरी वर उसळलं. मी कोटाकडं पाहिलं. कोट तं जागेवरच होता.

पुन्हा उसळलं. काळीभोर मान, मागं पांढरा पट्टा, डोक्यामागं तुऱ्याची बारीक बारीक पिसं. याले खिसा नव्हता!

मी होतो तिथंच मटकन बसलो. खाली चिखल, बुडाखाली गोखरूचे काटे. वारा आला, कोटानं उडी मारली. लगेच त्यानं मारली, कोटापेक्षा हातभर उंच. कोट हलला का हा उसळे. भाऊ, हा माझ्या लग्नाच्या कोटाशी भांडून राहिला होता! मॅडमनं नंतर सांगितलं, का आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं त्याले वाटलं असंन.

वर टेकडीवर तहसीलदार साहेब गाडीतून परत आले होते. मी तासभर त्या गोखरूवर बसून राहिलो अन् हूं का चूं केलं नाही. शेवटी तो पक्षी थकून गवतात शिरला तेव्हा मॅडम धावत आल्या. त्या हसतही होत्या अन् रडतही होत्या. "मिळाला, दादारावभाऊ, मिळाला," एवढंच म्हणत होत्या. मीही रडलो. त्यात गोखरूचाही थोडा वाटा होता.

ग्रामसभेत मॅडम फोटो घेऊन उभ्या राहिल्या. गोदामाचा ठराव पडला. सरपंचानंही गवतासाठी हात वर केला, फॉरेस्टचे साहेब समोर होते ना. आता पावसाळा लागला का ई-क्लासच्या त्या कोपऱ्यात कोणी ढोर घालत नाही, बाकीच्यात माझ्या गाई मजेत चरतात. औंदाही तणमोर आला. कोट मात्र आम्ही उतरवला. मॅडम म्हणाल्या, "त्याला मादीसाठी नाचू द्या. कोटासाठी नको."

शोभा म्हणाली, "पंचवीस वर्साआधी हाच कोट घालून हे मांडवात आलते. तवा कोनी ढुंकून नाई पाह्यलं. गेली त्या कोटाची हौस फिटून."

अन् पेपरात फोटो आला राजेहो, पहिल्या पानावर, रंगीत! मधात उडता तणमोर, एका बाजूले कोट, अन् दुसऱ्या बाजूले गवतात शाल पांघरून बसलेला मी. शोभेनं तो फ्रेम करून बैठकीत लावला. तुम्ही आता ज्याच्याखाली बसले ना, तोच. त्याच्याखालची ओळ वाचा, मोठ्यानं वाचा. वाचवत नाही? मीच सांगतो.

'दोन बुजगावण्यांच्या मध्ये दुर्मीळ तणमोर.'