अंगठ्याने चालणारी सायकल

आमच्या घरात सायकल दुरुस्त करायला दोन माणसं लागतात, एक करणारा आणि एक तपासणारा. हवाई दलात असंच असतं म्हणे. ज्याने स्क्रू पिळला त्याने तो स्वतः तपासायचा नाही. हे तिथे तंत्रज्ञ होते. नोकरी संपल्यावर आम्ही लखनऊलाच इंदिरा नगरात घर घेतलं. सातारा मागे पडला तो पडलाच, पण हा नियम काही मागे पडला नाही. गॅसचा रेग्युलेटर ह्यांनी बसवला की मी तपासायचा, मी बसवला की ह्यांनी. नळाचा वॉशर बदलला तरी "बघ गं" अशी हाक येते आणि मी कणकेच्या हातांनी जाऊन "बघितलं" म्हणून येते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

ह्यांच्या पायांतली ताकद हळूहळू जात चालली आहे. स्नायूंचा आजार आहे. त्याला लांबलचक नाव आहे आणि औषध नाही. डॉक्टर भला माणूस, त्याने गोड बोलून फसवलं नाही. "देखिए, ये धीरे-धीरे बढ़ेगा," एवढंच म्हणाला. कुठवर, ते ह्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो आणि रसात बर्फ फार घातला म्हणून हे त्या माणसाशी भांडले.

त्यानंतर ह्यांनी एकच गोष्ट धरून ठेवली. सकाळी बाजारात जाऊन भाजी आपण आणायची. भाजीचं निमित्त हो. कुणाला न विचारता, कुणाचा हात न धरता घराबाहेर पडायचं, टपरीवर चहा प्यायचा, भाजीवाल्याशी हुज्जत घालायची आणि परत यायचं. एवढंच त्यांचं स्वतःचं असं उरलं होतं, आणि ते जाऊ नये म्हणून मी काय वाटेल ते करायला तयार होते. ते आणत ती भेंडी जून असायची, तरी मी चिरून फोडणीला टाकत असे.

आमची मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. "पापा, ई-रिक्शा तो घर के सामने से मिलता है, उसी से चले जाइए ना." ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. स्कूटर घ्यायचा प्रश्नच नव्हता. सिग्नलला थांबलं की ती पायांवर तोलावी लागते. सायकल हलकी. तीही लेडीज, म्हणजे पाय उचलून टाकायला नको. तिच्यावर विजेचा संच बसवून घेतला होता. मागच्या चाकात मोटर, दांडीला बॅटरी आणि सीटखाली एक पत्र्याची डबी. ती डबी म्हणजे कंट्रोलर. मोटरला वीज कधी द्यायची आणि किती, ते ती ठरवते.

त्या डबीची एक अट होती. पायडल फिरलं तरच मोटर चालणार. काही महिने ते जमलं. मग एका सकाळी हे फाटकापाशी सायकलवर बसले आणि बसूनच राहिले. पाय पायडलवर होता, पण पायडल खाली जाईना. समोरच्या घरातले गृहस्थ म्हणाले, "भाईसाहब, आज टहलने नहीं निकले?" हे हसले आणि चेन अडकलीय म्हणाले. चेनला काडीचाही अडथळा नव्हता.

मग नवा कंट्रोलर मागवायचं ठरलं. ह्याला हँडलवर एक खटका असतो. अंगठ्याने तो दाबला की सायकल चालू लागते, पायडल फिरवावं लागत नाही. ह्यांना इतका आनंद झाला होता की मला भीती वाटली. "म्हणजे पायांचं काम संपलं," म्हणाले, "पाय काय, नुसते बसायला." मुलीने ऑनलाइन मागवून दिला, "लेकिन पापा, ये लास्ट है," असंही बजावलं.

रविवारी सकाळी पोर्चमध्ये आम्ही कामाला बसलो. जुनी डबी काढली. मोटरकडून तीन जाड वायरी येतात, पिवळी, हिरवी, निळी. शिवाय बारीक वायरींची एक जुडी. हे सांगणार आणि मी जोडणार, असं ह्यांनीच ठरवलं. "तुझी बोटं बारीक आहेत, तुला जमेल." इतक्या वर्षांत माझ्या बोटांचं कौतुक ऐकलं नव्हतं, ते ह्या निमित्ताने झालं. मग मी जोडलं आणि त्यांनी तपासलं. पिवळीला पिवळी, हिरवीला हिरवी.

"अहो, पण ही डबी वेगळ्या कंपनीची. त्यांची पिवळी ती आपलीच पिवळी कशावरून?" मी म्हटलं.

"रंग म्हणजे रंग. रंगावर विश्वास नसता तर एक विमान उडालं नसतं," हे म्हणाले.

सायकल स्टँडवर उभी केली. हे मागच्या चाकापाशी स्टुलावर बसले आणि मी पुढे जाऊन खटका दाबला. चाक फिरलं नाही. जागच्या जागी थडथडायला लागलं, आतून गुरगुरायला लागलं. ह्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं मोटर जळाली. मला वाटलं, आता संपलं, उद्यापासून हे गादीवर बसून राहणार. मला त्या सायकलीचा, त्या डबीचा, रंगांवर भरवसा ठेवणाऱ्या ह्या माणसाचा इतका राग आला की मी एकही शब्द न विचारता बॅटरी बंद करून जाड वायरी उलटसुलट बदलायला लागले. हिरवी पिवळीला, पिवळी निळीला. हे ओरडत होते, "अगं, असं नसतं करायचं!" दोनदा चाक थडथडलं. एकदा उलटं फिरलं. मग एकाएकी सुळकन सुलट फिरायला लागलं, आवाज नाही, धक्का नाही.

हे बघतच राहिले. "रंग खोटे निघाले," एवढंच म्हणाले, आणि मग इतके हसले की मला वर्षभरात पहिल्यांदा जेवणात गोड करावंसं वाटलं.

शर्ट बदलून, पिशवी घेऊन हे निघाले. फाटकाचा खांब धरून सायकलवर बसले. उजवा अंगठा खटक्यावर ठेवला. सायकल जागची हलली नाही. मी बॅटरी बघितली, हिरवा दिवा होता. ह्यांनी पुन्हा दाबला. मग तळहाताने रेटला. मान खाली घालून, दात आवळून रेटत होते.

"खटका फार घट्ट दिलाय," हे म्हणाले. "आत स्प्रिंग कडक असणार. उतरतो मी, तू बसून बघ."

कॉलेजनंतर मी सायकलवर बसले नव्हते. साडी खोचली आणि बसले. अंगठा नुसता टेकवला, दाबलासुद्धा नव्हता, तर सायकल निघाली. इतकी अलगद निघाली की मला ब्रेकही सुचला नाही. कोपऱ्यावर इस्त्रीवाल्याच्या ठेल्यापाशी कशीबशी थांबले आणि तिथेच मला रडू फुटलं. इस्त्रीवाला म्हणाला, "माताजी, चोट लगी क्या?" मी नाही म्हटलं, पदराने तोंड पुसलं, आणि सायकल हाताने ढकलत परत आले.

हे फाटकाला टेकून उभे होते. त्यांनी मला जाताना पाहिलं होतं.

"घट्ट आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी खोटं बोलले असते. त्यांनी पाहिलं नसतं तर नक्की बोलले असते.

"नाही हो," मी म्हटलं.

त्यांनी आपला उजवा अंगठा वर करून बघितला. मग भाजीची पिशवी माझ्याकडे देत म्हणाले, "मला वाटलं होतं, पायांपर्यंतच राहील."