बगळ्याची टाच

नद्यांचं पाणी तपासणाऱ्या आमच्या खात्यात त्याला सगळे बगळा म्हणत. काटकुळे पाय, आणि सदा पाण्यात उभा. नदीतले किडे पकडणं हे त्याचं काम. मी जाळी धरायचो.

ऐकायला पोरखेळ. वाहत्या पाण्यात जाळी तळाला टेकवायची, तिच्या वरच्या अंगाला उभं राहून टाचेने दगड ढवळायचे. दगडांना चिकटलेले किडे सुटतात, पाणी त्यांना जाळीत आणतं. रंगाच्या कारखान्याच्या वर एकदा, खाली एकदा. वर भरपूर आणि खाली कमी निघाले, तर कारखाना नदी मारतोय. फक्त दोन्हीकडे जोर आणि वेळ सारखा हवा. बगळा त्यात कसूर करत नसे.

त्याची धाकटी बहीण कारखान्याच्या खालच्या अंगाला राहायची. घरात पाणी नदीचंच. मुलांच्या अंगावरचे चट्टे जात नव्हते.

त्या वर्षी साखरेच्या दुखण्याने बगळ्याचा उजवा पाय बधिर झाला. टाचेला जखम झाली, तीही त्याला कळली नाही. वरच्या जागी लाथ हलकी पडली, किडे थोडेच आले. कारखान्याचा साहेब खूश. "वर तेच, खाली तेच. आमचा काय दोष?"

बहीण म्हणाली, "दादा, तुझे किडे फितूर झाले का रे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बगळा मला म्हणाला, "चल, दोन्ही जागा परत करू."

"लाथा मी मारतो. तू जाळी धर."

"इतक्या वर्षांचं मोजमाप माझ्या टाचेचं आहे. पाय बदलला की म्हणतील, माणूस बदलला म्हणून किडे बदलले."

"आणि ही जखम?"

"दुखते कुठे?" तो हसला.

वर त्याने तळ खणून काढला. जाळी नुसती वळवळत होती. गमबूट उपडा केला तर पाणी लालसर आलं, आणि टाचेशी बूट फाटलेला.

खाली पाणी जांभळं, वास नाकात बसणारा. तो उतरला. जाळीत चिखलाशिवाय काही येईना.

"दिसतंय की सगळं. ये बाहेर," मी म्हणालो.

"वर मारलं तेवढंच इथे मारायचं." थोड्या वेळाने तो वाकला, गुडघ्यावर हात टेकून म्हणाला, "वेळ झाली का रे?"

घड्याळ माझ्याकडे होतं; थोडी वेळ अजून उरली होती.

"नाही," मी म्हणालो. तो परत सरळ झाला.

आकडे पक्के निघाले. कारखाना त्यांच्याविरुद्ध कोर्टात गेला, खटला अजून चालूच आहे. बगळ्याचा पाय घोट्यापासून कापावा लागला. बहीण अजून नदीचंच पाणी गाळून भरते.