तळ्याचं पाणी नेणारी विहीर

दुष्काळी कामावर आम्ही बायकांनी पाट्या वाहून गावाच्या वर पाझर तलाव बांधला. अडवलेलं पाणी जमिनीत मुरावं आणि खालच्या विहिरींना उतरावं, एवढ्यासाठीच तो होता. कामावरच्या साहेबानं तसं सांगितलंही होतं. माझे सासरे तेव्हा विडी ओढायला गेले असतील.

पुढच्या पावसात तलाव भरला. भरावाखालीच आमची विहीर. तिला पाणी टिकलं आणि मी पहिल्यांदा कांदा लावला. सासरे फौजेतून हवालदार होऊन आलेले, गावचे सरपंच. तलावाचं पाणी रोज उतरतंय म्हणजे कुणीतरी नेतंय, असं त्यांनी ठरवलं. आधी शेजारच्या गावच्या म्हशी बंद केल्या. मग धुणं बंद केलं. ओल्या लुगड्यांतून पाणी जातं म्हणे. तरी ते उतरतच राहिलं.

तलाव आटल्यावर, पाणी खालून जाऊ नये म्हणून, त्यांनी तळाला काळी चिकण माती पसरली आणि वळीव पडल्यावर एका मेंढक्याची मेंढरं आणून ती तुडवून घेतली.

मी म्हटलं, "मामंजी, ते पानी आपल्याच हिरीत येत हुतं."

"हिरीतलं पानी हिरीचं, तळ्यातलं तळ्याचं. तुला कांद्याबिगर काय दिसतं का?"

त्या साली तलाव भरला तो भरलेलाच राहिला. पाहुणा आला की आधी तलाव, मग चहा. दिवाळीनंतर पाण्यावर हिरवी साय धरली, वास सुटला, आमच्याही म्हशी तोंड लावीनात. विहिरीत पोहरा खडकावर आपटू लागला. कांदा अंगठ्याएवढा होऊन वाळला. तलावातलं पाणी मागितलं तर सासरे म्हणाले, वापरलं की कमी होतं. शेवटी उन्हानंच ते पिऊन टाकलं. उन्हावर राखण बसवता येईना.

मग मी त्यांना सांगितलं, गाळ काढला तर तळं खोल होईल, पाणी जास्त मावेल. ते खूश झाले. भरावावर खुर्ची टाकून बसले. आम्ही जावाजावांनी गाळाबरोबर त्यांची सगळी काळी माती खणली आणि गाडीनं आमच्या रानात टाकली. खाली मुरूम लागला तरी ते वरून म्हणतच होते, अजून खोल घ्या.

पावसाळा सरला आणि विहीर चढली. मी पुन्हा लावलेला कांदा निघाल्यावर तो बुक्कीनं फोडून भाकरीशी खाताना सासरे म्हणाले, "हिरीला नवा झरा लागलाय. फौजेत आसलं लय बगितलंय मी."

"आसंल," मी म्हटलं आणि रानात गेले. दुसऱ्या वाफ्याला पाणी द्यायचं राहिलं होतं.