ईदचा परतीचा रस्ता

आमच्या शेजारच्या चाचांइतका हट्टी माणूस गावात दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर कितीदा तरी बोललो आहे. घराला घर लागून, वावराला वावर लागून. त्यांच्या हट्टातून माझी सुटका कुठून होणार!

ईदगाह गावाबाहेर टेकाडावर आहे. तिथं जायला दोन रस्ते. एक आमच्या गल्लीतून, सरळ. दुसरा नाल्याकडून, लांबचा आणि खड्ड्यांचा. ईदच्या नमाजाला एका रस्त्यानं जायचं आणि दुसऱ्यानं परतायचं, अशी त्यांच्यातली रीत. जाताना सगळे गल्लीतून जात. परतताना पोरं कंटाळून पुन्हा गल्लीकडंच वळायची, की चाचा काठी आडवी धरून उभे. "तिकडून चाला. तिकडल्या लोकायनं ईद पाहू नाही काय?" नवे कपडे धुळीनं माखले तरी चालतील, पण रीत मोडायची नाही.

मागच्या हिवाळ्यात चाचांना लकवा मारला. उजवी बाजू गेली.

यंदा चांद दिसला त्या संध्याकाळी मी नेहमीसारखा शिरखुर्म्यासाठी म्हशीचं दूध घेऊन गेलो. चाचा अंगणात बाजेवर पडून होते. गल्लीत सगळे आभाळाकडं बोट दाखवत होते आणि हा माणूस भिंतीकडं तोंड करून.

"ट्रॉलीत गादी टाकतो, सकाळी नेतो तुमाले," मी म्हणालो.

"पोत्यावानी नको नेऊ बे मले. दुआ मी घरीच मागीन. पण गळाभेटीले माह्याकडे कोन येते? समदे नाल्याकडून परततीन."

"मागून येतीनच ना घरी."

"मागून येतीन ते आजाऱ्याले पाहाले. ते काही ईद नाही."

आयुष्यभर ज्या रीतीसाठी ते भांडले, तीच आता त्यांच्या दारावरून माणसं दूर नेणार होती.

सकाळी चाचींनी त्यांना पांढरा कुडता घातला, अत्तर लावलं. निदान जाणारी माणसं तरी दिसावीत म्हणून आम्ही बाज दाराबाहेर आणली. बसलो वाट पाहत. गल्लीत कोंबड्या हिंडत होत्या, बाकी कुणी नाही. थोड्या वेळानं ईदगाहच्या भोंग्यातून नमाज ऐकू येऊ लागला.

"आज तर इकडून कोनी गेलंबी नाही," चाचा हळूच म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मला अख्ख्या गावाचा असा राग आला की काय सांगू. वर्षाच्या सणाला या माणसाला वाळीत टाकल्यासारखं वाटलं मला.

नमाज संपला. मी बाज आत घ्यायला उठलो, तर गल्लीचं टोक पांढरं झालेलं. सगळी जमात आमच्या गल्लीतून परतत होती. चपला, पायजम्याच्या कडा नाल्याकडच्या धुळीनं भरलेल्या. सकाळी सगळे त्या लांबच्या रस्त्यानं गेले होते, परतताना चाचांच्या दारावरून यावं म्हणून.

बाजेपुढं आपोआप रांग लागली. म्हातारे, जवान, एकेक जण वाकायचा, गळ्याला गळा लावायचा, "ईद मुबारक" म्हणायचा आणि पुढं सरकायचा. चाचांचा डावा हात प्रत्येकाच्या पाठीवर पडत होता. रांग गल्लीच्या वळणापलीकडं गेलेली. हे कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, मला आजही माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

शेवटचा माणूस गेल्यावर चाचांनी माझ्याकडं पाहिलं. डोळ्यांतला सुरमा गालावर उतरला होता.

"पाह्यलं काय? रस्ता बदलला पोरायनं, पन रीत नाही मोडली," ते म्हणाले. "आन् तू काऊन दूर उभा बे?"

मी वाकलो. गळाभेट तीनदा घ्यायची असते. तिसऱ्या वेळी त्यांनी मला सोडलंच नाही.