पान्हा कुठून येतो

मेंढी व्याली की माझी चुलती राजाबाई हातातलं काम टाकून तिच्यापाशी जाऊन बसायची. कोकरू ओलंचिंब, पाय लटपटतायत, आणि तरी ते धडपडत बरोबर आईच्या सडाला जाऊन लागायचं. "ह्याला कुणी सांगितलं रं, दूध कुटं हाय ते?" दर वेळी हाच प्रश्न. सांगोल्याकडच्या आमच्या माळावर सगळा जन्म मेंढरांत गेला, पण बाईचं नवल काही संपेना. मी एकदा म्हटलं, रक्तातच असतं काकू. तर म्हणाली, "मग रक्तात कुटनं आलं?"

मग तिच्या मुलाची, सिद्धनाथची बायको, सोनम, बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. पण सोनम तिच्याकडे बघेना. पाजायला दिलं तर पाजायची आणि झालं की भिंतीकडे तोंड करायची. बायकांना आयता विषय मिळाला. जनावराला कळतं ते हिला कळत न्हाय, असं दारात उभं राहून बोलण्यापर्यंत त्यांची मजल गेली.

काकू तसं बोलली नाही. तिने केलं ते त्याहून वाईट. पहिल्या वेताची मेंढी कधी कधी कोकराला जवळ घेत नाही, तेव्हा दोघांना अरुंद जागेत कोंडून ठेवतात. वास ओळखीचा झाला की मेंढी चाटू लागते, पान्हा सोडते. काकूने हयातभर हेच केलेलं. तिने सोनमला आणि बाळाला आतल्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. बाळ रडून रडून थकलं तरी आत हालचाल नाही. शेवटी काकूनेच घाबरून दार उघडलं. बाळ गोधडीवर एकटं, आणि सोनम कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसलेली.

"आत्या, मला कायच वाटत न्हाय," ती म्हणाली. "लई बघितलं, वाटतंय का. न्हाय वाटत."

काकू खाली बसली. एका हाताने पोरीला उचललं, दुसरा सुनेच्या डोक्यावर ठेवला. "चुकलं माजं," एवढंच म्हणाली. आमच्या घरात सासू सुनेला असं म्हणाल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, औषधाने आणि वेळेने जातो. तोवर पोरीचं सगळं काकूने केलं. न्हाऊमाखू घातलं, कुशीत निजवलं, आजारपणं काढली. बायकांना एकच उत्तर द्यायची, "तिच्या आतनं यायचं हाय अजून."

आणि आलं. उशिरा आलं, पण आलं. एके सकाळी सोनम आपणहून पोरीच्या टाळूला तेल लावताना दिसली, तिच्याशी काहीबाही बोलत. पण पोरगी आता रांगायला लागली होती, आणि रांगत जायची ती आजीकडे. भूक लागली तरी आजी, झोप आली तरी आजी. आईने उचललं की अंग ताणून रडायची. सोनम हात पुढे करायची, मग तोच हात पदराला पुसत मागे घ्यायची. ते बघवत नसे.

"पोरीला माजं येड हाय, ते काय तिच्या रक्तात न्हवतं," काकू एकदा मला म्हणाली. "रोज केलं, म्हणून लागलं. आईचंबी तसंच लागंल की. पर मी हितं हाय तवर न्हाय."

दिवाळीनंतर मेंढरं चरायला दूर निघतात. गुडघ्यांपायी काकूने त्यांच्यामागे जाणं कधीच सोडलं होतं. त्या वर्षी ती निघाली. पोरगी सोनमच्या कडेवरून तिच्याकडे झेपावत होती, रडून लाल झाली होती. काकूने वळून पाहिलं नाही. सगळं ठाऊक असूनही मला तिचा राग आला.

पुढे केम गावाजवळच्या एका शेतात खतासाठी मेंढरं बसवली होती, तेव्हा मी पीठ पोचवायला गेलो. मी असतानाच सिद्धनाथचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"आये, पोरगी आता सोनमबिगर निजत न्हाय. तुजं नाव घेतलं तरी बघत न्हाय कुटं."

"बरं झालं," काकू म्हणाली. मग पुन्हा, "व्हय, लई बरं झालं."

फोन माझ्या हातात देऊन ती चुलीपुढे बसली आणि माझ्यापुरत्या भाकरी थापल्या. स्वतः जेवली नाही.