ब्रेक दाबलाय की

आई गेल्यावर मी गाडीचा गेम खेळायला लागले. चाळिशी ओलांडलेली बाई पतसंस्थेतली नोकरी करून घरी येते, भाकरी थापते आणि मग कॉम्प्युटरसमोर स्टिअरिंग धरून बसते, हे आमच्या गल्लीत कुणाला सांगून पटलं नसतं. म्हणून सांगितलं नाही. कुणीतरी वापरून कंटाळलेला सेट मी विकत घेतला होता. टेबलाला आवळून बसवायचं स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायची दोन पेडलं, एक ॲक्सिलरेटरचं, एक ब्रेकचं. मला जिंकायचं नसायचं. नुसतं गोल गोल फिरत राहायचं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. शेजारच्या काकू कौतुकानं म्हणायच्या, "पोरगी लई घट्ट हाय." घट्ट कसली, बधिर झाले होते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी जीपचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. नोकरीत कधी गाडीला ओरखडा आला नाही, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलंय की आई शेवटी शेवटी त्यांच्या आधीच वाक्य पुरं करायची. माझा गेम ते दारात उभं राहून बघायचे आणि नाक मुरडायचे. एका संध्याकाळी मात्र आत आले.

"सरक. गाडी अशी चालवतेत व्हय?"

बसले. पहिल्याच वळणावर गाडी सरळ भिंतीवर. परत सुरू केली, परत भिंतीवर.

"ब्रेक लागत न्हाय हिचा."

"दाबा की मग."

"दाबलाय की!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणाले. एरवी अशा बोलण्यावर ते चार शब्द वर सुनवायचे. त्या दिवशी नुसतेच उठले आणि चहा मागितला.

त्यांना ते का लागलं, ते मला कळत होतं. येत्या रविवारी ते आमची जुनी व्हॅन घेऊन करकंबला जाणार होते. तिथं त्यांची बहीण असते. तिला आता आमच्याकडेच राहायला आणायचं ठरलं होतं. आई गेल्यापासून व्हॅन पत्र्याच्या शेडखाली उभीच होती. मी येते म्हटलं, तर नको. मी चालवते म्हटलं, तर हसले. व्हॅनच्या स्टिअरिंगला ते मला हात लावू देत नसत. लायसन्स आहे माझ्याकडे, पण ते फक्त ओळखपत्र म्हणून दाखवण्यापुरतं.

त्या आठवड्यात माझी त्यांच्यावर सारखी चिडचिड होत होती. शुगर आहे त्यांना. गोळी वेळेवर घेणार आणि वर चहात गुपचूप साखर टाकून घेणार. एका दुपारी अंगणातून एकाच पायात चप्पल घालून आत आले. दुसरी मागं मातीत पडलेली. मी म्हणाले, "आप्पा, आता चप्पल सांभाळायलापण माणूस ठेवायचा का?" त्यांनी पायाकडे बघितलं, मग मागं बघितलं, आणि जाऊन चप्पल घालून आले.

शनिवारी दुपारी मी ते ब्रेकचं पेडल हातात घेतलं. आधी वायर काढून दुसरीकडे लावली. काही नाही. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तरी काही नाही. मग सेटिंगमध्ये तपासणीचा पडदा उघडला. तिथं पेडल दाबलं की हिरवी पट्टी भरत जाते. मी ब्रेक दाबला. पट्टी अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथंच थरथरत राहिली.

दारातून बघणाऱ्या आप्पांचा चेहरा उजळला. "बघ! म्या म्हनलं न्हवतं? मशीनच खराब हाय." आत जाऊन स्वतःचा जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले.

पेडलाच्या आत एक छोटं गोल फिरकं असतं, रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखं. पेडल किती दाबलं ते कॉम्प्युटरला त्यावरून कळतं. उघडून बघते तर त्याच्याभोवती सगळा कापसाचा भुगा. गुळगुळीत फरशीवर पेडलं सरकायची, म्हणून मी खाली चादर घडी करून टाकली होती. सोलापुरात घरात चादरींना काय तोटा. तिचंच सूत झिजून आत गेलं होतं. कपाटातून स्पिरिटची बाटली काढली. आईच्या इंजेक्शनच्या वेळची होती, निम्मी उरलेली. ती हातात आल्यावर काहीतरी वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. जुन्या टूथब्रशवर स्पिरिट घेतलं आणि फिरकं घासून काढलं.

सगळं जोडून मी पाय दिला. पट्टी काठोकाठ भरली. परत दिला, परत भरली.

"झालं, आप्पा. बसा."

ते बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ, जीपमध्ये बसायचे तसे. त्यांनी ब्रेक दाबला. पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली.

"जोरात दाबा की."

"दाबलाय की. पुरा दाबलाय."

कपाळावरची शीर फुगली होती, एवढा जोर लावत होते. काहीतरी परत अडकलं असेल म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन टेबलाखाली शिरले.

त्यांचा पाय ब्रेकवर होता, पण नुसता कडेनं. बाकीचा सगळा तळवा दोन पेडलांच्या मधल्या प्लास्टिकवर होता. तिथं दाबण्यासारखं काहीच नव्हतं. त्या न हलणाऱ्या प्लास्टिकवर ते सगळ्या ताकदीनं ब्रेक मारत होते.

मी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्यांच्या अंगठ्याला टेकवलं. मग थोडं रुतवलं. पाय हलला नाही. वरून आवाज आला.

"काय, सापडला का फॉल्ट?"

मला चप्पल आठवली. पायातून निसटलेली त्यांना कळलीच नव्हती. तोंडातून निघालं, "वायर सैल हाय, आप्पा. नीट करायला लागंल."

वर बघितलं, तर ते वाकून टेबलाखाली बघत होते. स्क्रू-ड्रायव्हर अजून त्यांच्या अंगठ्यात रुतलेला होता. मी हात मागं घ्यायला विसरले होते.

"बरं," ते म्हणाले आणि उठले. जाताना भिंतीला धरून गेले.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले, तर व्हॅन पुसून तयार. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून उभे. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली.

"ते पेडल नीट होईस्तोवर गाडी तूच चालव."

दार उघडलं आणि डाव्या बाजूला बसले. त्या सीटवर मी आईशिवाय कुणाला बसलेलं बघितलं नव्हतं.

रस्त्यात माझा गिअर चुकला तरी त्यांनी चूक काढली नाही. मोहोळ मागं टाकल्यावर उसाच्या आडून एक ट्रॅक्टर सरळ रस्त्यावर आला. मी ब्रेकवर पाय मारला. व्हॅन करकचून थांबली आणि बंद पडली. मला भीती वाटली होती. किती महिन्यांनी काहीतरी वाटलं होतं.

आप्पांनीही ब्रेक मारला होता. डाव्या बाजूला खाली नुसतं मॅट होतं, त्याच्यावर. आता ते ट्रॅक्टरकडे बघत नव्हते. वाकून, डोळे बारीक करून, आपला पाय नेमका कुठं आहे ते शोधत होते.

"लागला का?" त्यांनी विचारलं.

"लागला की, आप्पा," मी म्हणाले.